स्ट्रेचरचे दांडे

2018 साली बस-बॉडीचं डिझाइन सोडून मी चाकणच्या पट्ट्यातल्या एका खासगी कंपनीच्या संरक्षण विभागात रुजू झालो. घरी सांगितलं, रणगाडे बनवणार. (आमच्या घरात हिरव्या रंगाची कुठलीही जड गाडी म्हणजे रणगाडाच.) पहिल्याच आठवड्यात कामाची वाटणी झाली. बंदूकवाली मूळ गाडी सीनियर लोकांनी घेतली. माझ्या वाट्याला आला एक फोल्डर, त्यावर नाव ‘सपोर्ट व्हेरिएंट्स’. आत अँब्युलन्स, कमांड पोस्ट, उखळी तोफ वाहणारी गाडी आणि दुरुस्ती पथकाची गाडी. साहेब म्हणाले, "हल तोच आहे रे. आतलं फर्निचर तेवढं बदलायचं. तू बसवाला, तुला काय अवघड?" (हल म्हणजे गाडीचा चिलखती सांगाडा.)

त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये एकाच गाडीचा फोटो पाच वेळा चिकटवला होता. अँब्युलन्सच्या फोटोवर लाल अधिक, कमांड पोस्टवर एक अँटेना. झाली फॅमिली.

पुढची सहा वर्षं माझी त्या लाल अधिकात गेली.

सुरुवातीला शिकायला म्हणून आम्हाला नगरला नेलं. (आता कागदावर अहिल्यानगर लिहायचं, तोंडात मात्र अजून नगरच येतं.) चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळाचं केंद्र तिथे, डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा व्हीआरडीई तिथे, आणि 1994 साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालयही तिथेच. बाकीचे 1965च्या युद्धात पकडलेल्या पॅटन रणगाड्यापुढे फोटो काढत होते. मी मात्र बीएमपी या पायदळाच्या चिलखती गाडीबद्दल मिळेल त्याला विचारत सुटलो, कारण आपल्याकडे ‘फॅमिली’ म्हणावी असं खरोखर जमलेलं घराणं तेच. सोव्हिएत बनावटीची बीएमपी-2 आपल्याकडे ‘सारथ’ नावाने 1987 पासून मेडकच्या कारखान्यात बनू लागली. पुढे तिच्याच पायावर कायकाय उभं राहिलं बघा: 81 मिलिमीटरची उखळी तोफ पोटातून डागणारी गाडी, रुग्णवाहिका, पाण्यात उतरणारा डोझर, इंजिनिअर पलटणींची टेहळणी गाडी, नाग क्षेपणास्त्राची ‘नामिका’ आणि व्हीआरडीईने केलेली अणू-जैविक-रासायनिक टेहळणीची गाडी. उखळीवाल्या गाडीचा बुरूज पूर्ण काढलाय आणि तिचं छप्पर उघडतं. म्हणजे ‘हल तोच’ हे वाक्य तिथेच डळमळीत झालं होतं. पण नवीन माणसाने मीटिंगमध्ये असलं बोलायचं नसतं.

खरा वेग आला तो 2020च्या ऑगस्टमध्ये. आयातबंदीची 101 वस्तूंची पहिली यादी जाहीर झाली, त्यात चाकांवरची चिलखती लढाऊ वाहनं होती. सुमारे दोनशे गाड्या, पाच हजार कोटींच्या वर, असा आकडाही सरकारने सोबत दिला होता. लडाखची घटना ताजी होती, तातडीच्या खरेदीत एका प्रकरणाला तीनशे कोटींपर्यंत मुभा मिळाली होती. आमच्या पट्ट्यातल्या ज्यांनी आजवर ट्रॅक्टरचे हूड ठोकले होते, तेही चिलखती पोलादाचे भाव विचारू लागले. आमच्या मालकांनी ठरवलं की नमुना गाड्या स्वतःच्या खर्चाने करायच्या, मागणी येईल तेव्हा आपण तयार पाहिजे. पहिला नमुना अर्थात बंदूकवाल्या गाडीचा. दुसऱ्यासाठी मी भांडून अँब्युलन्स लावून घेतली. पोलाद कापण्याआधी मात्र लाकडाचं मॉडेल करू म्हटलं. ही बस-बॉडीतली जुनी सवय.

भोसरीचा एक मिस्त्री आला. त्याने अठरा मिलिमीटरच्या प्लायमध्ये गाडीचं मागचं पोट जसंच्या तसं उभं केलं. दार, बाकं, दोन मजली स्ट्रेचरची रॅक, सगळं माझ्या ड्रॉइंगप्रमाणे. मग सल्लागार म्हणून आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले एक सुभेदार बोलावले. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. साहेब येताना स्वतःचं स्ट्रेचर घेऊन आले होते. मला त्याचं हसू आलं, ते पुढचे पाचच मिनिटं टिकलं.

स्ट्रेचर आत जाईना. म्हणजे आत गेलं, पण दार लागेना. मी कॉम्प्युटरवर सहा फुटी माणूस झोपवला होता आणि त्याच्याखाली कापडाची लांबी धरली होती, 183 सेंटिमीटर. स्ट्रेचर उचलायला दोन्ही बाजूंना दांडे असतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते धरून लांबी जाते सव्वादोन मीटरच्या पुढे. दोन्हीकडचे दांडे मिळून बरोबर एक हात. सुभेदार साहेब काही बोलले नाहीत. मिस्त्रीच म्हणाला, "साहेब, दाराला भोकं पाडू का दांड्यांना?"

ते झाल्यावर सुभेदार बूट काढून खालच्या स्ट्रेचरवर आडवे झाले. बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "इंजिनिअर साहेब, तुम्ही झोपा जरा इथं."

मी झोपलो.

"वर काय दिसतं?"

वरच्या स्ट्रेचरचं कापड दिसत होतं. तसं सांगितलं.

"वरच्या पोराला पोटात लागलेलं असतं. आता सांगा, काय दिसतं?"

त्या दिवशी वरच्या स्ट्रेचरखाली एक उथळ ट्रे आला. पत्र्याचा, कडा वळवलेला, कोपऱ्यात निचऱ्याला नळी. वजन दीड-दोन किलो. आमच्या यादीत प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागे आणि प्रत्येक आढाव्यात कोणीतरी तो ट्रे काढायला सांगे. मी त्यांना मॉडेलकडे नेऊन खालच्या स्ट्रेचरवर झोपवत असे.

सुभेदार साहेबांनी अजून कितीतरी सांगितलं. भरताना आधी वरचा मजला भरायचा. सगळ्यात गंभीर जखमी शेवटी चढवायचा, म्हणजे उतरताना तो पहिला निघतो. म्हणून खालची, दाराजवळची जागा सगळ्यात मोकळी हवी, आणि मी नेमकी तिथेच ऑक्सिजनची पेटी ठोकली होती. आतले दिवे मी हौसेने लाल लावले होते. अंधारात डोळे दिपत नाहीत, असं कुठेतरी वाचलं होतं. साहेब म्हणाले, लाल उजेडात रक्त दिसत नाही. उपचाराला पांढरे दिवे आणि ते दार उघडताक्षणी आपोआप विझले पाहिजेत, नाहीतर रात्री दोन मैलांवरून गाडी दिसेल. फ्रीजच्या दाराचं बटण असतं ना, त्याच्या अगदी उलट.

पण दांडे, दिवे, ट्रे ही सगळी सुटणारी दुखणी. न सुटणारं दुखणं गाडीच्या पायात होतं.

भूसुरुंगापासून वाचायला या गाड्यांचं पोट इंग्रजी व्हीसारखं करतात. दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर गाडीपासून चालत आलेली युक्ती. खालून येणारा दाब दोन्ही बाजूंना फाकतो. आंतरराष्ट्रीय मानकात पातळ्या ठरलेल्या आहेत. दुसऱ्या पातळीला सहा किलो स्फोटक, तिसरीला आठ, चाकाखाली आणि पोटाखाली वेगवेगळं. पण व्ही केला की आतली जमीन वर जाते. आमच्या गाडीत ती एका साधारण उंचीच्या जवानाच्या छातीला लागत होती. बंदूकवाला जवान शिडीवरून टणाटण चढतो. स्ट्रेचर उचलणारे दोघे जखमी माणूस छातीपर्यंत कसा उचलणार? तोही गोळीबारात, बुलेटप्रूफ घालून? ज्या आकाराने सुरुंगातून माणूस वाचतो, त्याच आकारामुळे जखमी आत जात नाही.

रॅम्प करून पाहिला. एवढ्या उंचीला चढ झेपेल असा रॅम्प इतका लांब होतो की गाडीमागे तेवढी मोकळी जागा मिळेलच असं नाही. आखूड केला तर घसरगुंडी. शेवटी दाराचाच खालचा अर्धा भाग कंबरेच्या उंचीला आडवा उघडणारा केला. त्यावर रुळ. स्ट्रेचर त्यावर टेकवायचं आणि आत ढकलायचं. म्हणजे उचलणं कंबरेपर्यंतच. हे सुचलं मिस्त्रीला. गावाकडे टेम्पोत पोती भरताना फळकं असंच सोडतात म्हणे.

छपरावरून तर वर्षभर वाद चालला. दोन मजले स्ट्रेचर आणि मध्ये नर्सिंग असिस्टंटचे हात जातील एवढं अंतर, याला उंची हवी. मी दीडशे मिलिमीटर वाढवून मागितले. बंदूकवाल्या टीमचं म्हणणं, छप्पर बदललं की फॅमिली मोडली, वेल्डिंगला हल धरून ठेवणारं फिक्स्चर बदललं, वजन वर गेलं, गाडी कलंडेल. तिसरा मुद्दा एका निवृत्त ब्रिगेडियर साहेबांनी काढला आणि तो मला पटला. अमेरिकेच्या एम-113 घराण्यातली कमांड पोस्टची गाडी, एम-577, छप्पर उंच केल्यामुळे लांबूनच ओळखू येते. जे वेगळं दिसतं ते आधी मारलं जातं. अँब्युलन्सचं ठीक आहे, तिच्यावर रेडक्रॉस असतो आणि जिनिव्हा कराराने तिला संरक्षण आहे. पण कमांड पोस्टला उंच टोपी घातली तर आत साहेब बसलेत हे आपणच ओरडून सांगितल्यासारखं. शेवटी तडजोड झाली: सगळ्याच गाड्यांचं छप्पर साठ मिलिमीटरने वाढलं. बंदूकवाले माझ्यावर त्या साठ मिलिमीटरसाठी अजून खार खाऊन आहेत.

चिलखती पोलादात भोक पाडणं हाही एक धडा. बसमध्ये हवं तिथे ड्रिल मारायचं आणि रिव्हेट ठोकायचा. इथे ड्रिलचं टोकच झिजतं, शिवाय प्रत्येक भोक म्हणजे गोळीला वाट. वेल्डिंग मारावं तर उष्णतेने त्या पट्ट्यातली कठीणता उतरते आणि सांधा नंतर, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, तडकू शकतो. त्यासाठी आधी प्लेट गरम करायची, स्टेनलेसचा रॉड वापरायचा, क्रम पाळायचा. म्हणून एकदा हल तयार झाला की कुणी ब्रॅकेट मागायचा नाही. पाचही गाड्यांना लागतील ते सगळे बोल्ट बसवायचे गट्टे सुरुवातीलाच एकदम वेल्ड करायचे, ज्या गाडीला जे नको ते रिकामे राहतील. हे ठरवायला आम्हाला आठ महिने लागले, कारण त्यासाठी पाचही गाड्यांचं आतलं सामान एकाच वेळी पक्कं करावं लागतं. आणि बंदूकवाल्या गाडीखेरीज बाकीच्या चारांकडे तोवर कुणी बघितलंच नव्हतं. माझ्या मते आमच्या प्रोजेक्टमधलं सर्वांत मोलाचं काम हेच. त्याचा फोटो मात्र कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही. रिकाम्या गट्ट्यांचा काय फोटो काढणार?

स्फोट चाचणीबद्दल फार लिहीत नाही. लिहिण्यासारखं एवढंच की अशा गाडीत खुर्च्या जमिनीला ठोकत नाहीत, छपराला नाहीतर भिंतीला टांगतात. पायसुद्धा जमिनीवर न ठेवता वर फळीवर ठेवायचे. खुर्चीवरच्या पुतळ्याच्या मणक्याला किती धक्का बसला याचा एक आकडा काढतात, त्याची मर्यादा 17.7. मूळ ते गणित विमानातून खुर्चीसकट बाहेर फेकल्या जाणाऱ्या वैमानिकांसाठी मांडलेलं. म्हणजे बसलेल्या माणसाचं. आमचा माणूस आडवा. मग आम्ही स्ट्रेचरची रॅकसुद्धा छपरालाच टांगली, मध्ये धक्का खाणारे तुकडे घालून, आणि त्या टांगलेल्या वजनासाठी छपराच्या पट्ट्या जाड केल्या. साठ मिलिमीटर मागणारा हाच माणूस आता किलोही मागतोय, यावर झालेली मीटिंग मी विसरायचा प्रयत्न करतो.

कागदाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण अर्धं आयुष्य तिथे जातं. आधी लष्कर माहिती मागवतं, ती आरएफआय. तुम्ही उत्तर देता. त्यावरून गाडीत काय हवं त्याच्या गुणात्मक गरजा ठरतात. मग संरक्षण खरेदी परिषद गरज मान्य करते. मग निविदा, म्हणजे आरएफपी. त्यात तांत्रिक आणि किमतीचं अशी दोन पाकिटं. 2020च्या खरेदी नियमावलीत सगळ्यात वरच्या पायरीला देशी डिझाइन आणि निम्मा तरी माल देशी लागतो, त्यामुळे पुरवठादारांच्या पुरवठादारांचीही प्रमाणपत्रं गोळा करत फिरलो. तांत्रिक पाकीट पास झालं की प्रत्यक्ष चाचण्या, त्याही ‘नो कॉस्ट नो कमिटमेंट’. मराठीत सांगायचं तर खर्च तुमचा आणि शब्द कुणाचाच नाही. आमच्या अकाउंट्सच्या बाईंना हे पटेना. "म्हणजे गाडी घेणार नसतील तरी लोबेड ट्रेलरचं भाडं आपण द्यायचं?" होय.

उन्हाळी चाचणी महाजनच्या रेंजवर झाली, बिकानेरच्या वर. आम्ही सुरतगडला एका लॉजवर. दुपारी हलला हात लागला की फोड. गाडी ठरलेल्या मिनिटांत आतून गार झाली पाहिजे, तशी ती झाली. पण ती दार बंद ठेवून. अँब्युलन्सचं दार दर पाच मिनिटांनी उघडतं, हे एका कॅप्टन डॉक्टरांनी दाखवून दिलं आणि दिवसभर स्ट्रेचर आतबाहेर करायला लावलं. बारीक वाळू रुळांत गेली. रुळ अडकले. संध्याकाळी आम्ही ग्रीस पुसून काढलं, कारण वाळूत ग्रीस म्हणजे सॅंडपेपर, आणि रुळांवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या. नियमाने गाडीत बदल करता येत नाही, पण देखभाल करता येते. त्या दोन शब्दांमधल्या फटीत आमची रात्र गेली.

दुरुस्तीसुलभतेच्या चाचणीत ईएमईचे, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती दलाचे जवान त्यांच्या हत्यारांनी गाडी खोलतात आणि बाजूला घड्याळ लावून साहेब बसलेले असतात. मूळ गाडीत एअर फिल्टर चार मिनिटांत निघतो. अँब्युलन्समध्ये तो निघेना, कारण त्याच्या झाकणापुढे माझी हलवलेली ऑक्सिजनची पेटी. हवालदार माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "सर, सिलिंडर निकालेंगे तो पेशंट का क्या?" रेकॉर्डवर ते ‘निरीक्षण’ म्हणून गेलं. माझ्या मते तो नापासाचाच शेरा होता.

वर लडाखला गाडी हिवाळ्याआधी पोहोचवून ठेवावी लागली. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. इंजिन हाफतं, माणूसही हाफतो. डिझेल गोठायचं दुखणं 2019 पासून थोडं कमी झालंय, उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने आणल्यापासून. पण सलाईन? त्याचं हिवाळी रूप कुठून आणणार? पहाटे कपाट उघडलं तर बाटल्या दगड. तिथला नर्सिंग असिस्टंट कोल्हापूरकडचा निघाला. त्याने कोटाची चेन उघडून आत काखेजवळ ठेवलेल्या दोन पिशव्या दाखवल्या. "आमचं कपाट हे बघा, सर." इंजिनचं गरम पाणी त्या कपाटामागून फिरवायला एक नळी आणि एक कॉक पुरला असता. हीटरची नळी तिथून फुटावर होती.

किमतीचं पाकीट उघडलं 2024 मध्ये. आम्ही दुसरे आलो. तिथे दुसरा म्हणजे शेवटचा. मालकांनी चहा पाजला, बंदूकवाली टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली, नमुना गाड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेल्या. प्लायचं मॉडेल वॉचमनने सायकली ठेवायला घेतलं.

गेल्या दिवाळीनंतर एक नवी आरएफआय निघाली. मी सवयीने वाचायला घेतली. रुग्णवाहिकेच्या पानावर पूर्वी चार ओळी असत, आता दीड पान होतं. स्ट्रेचरची लांबी ‘दांड्यांसह’. दार उघडताच दिवे बंद. वरच्या स्ट्रेचरखाली निचऱ्याचा ट्रे. द्रवपदार्थांसाठी गरम कप्पा. हे सगळं आमच्याच गाडीमुळे आलं असं मी म्हणणार नाही, बाकीच्या कंपन्यांनाही कुणीतरी सुभेदार भेटलेच असतील. पण चढवण्याच्या उंचीचा एक प्रश्न होता, ‘जास्तीत जास्त किती ठेवता येईल?’ आणि पुढे उत्तराला कोरी जागा.

मी आधी सुभेदार साहेबांना फोन केला. ते शेतात होते, म्हणाले, संध्याकाळी बोलू, उसाला पाणी सोडलंय. मग मिस्त्रीला लावला.

"जुनं मॉडेल आहे का अजून?" त्याने विचारलं.

आहे, पण सायकली आहेत आत.

"काढा सायकली. आणि या वेळी स्ट्रेचर आधी द्या माझ्याकडं. गाडी त्याच्याभोवती करू."